जास्वंदीचे कागद

त्या हंगामात ऊन असं पडलं की पोती उतरवणारे हमाल दुपारी कोल्डच्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि पाळी आली तरी उठायचं नाव घ्यायचे नाहीत. कोल्ड म्हणजे बटाट्याचं शीतगृह. गावातला झाडून सगळा बटाटा तिथं होता. भाव येईपर्यंत तो गार ठेवायचा, एवढंच काम. पण बाहेर विस्तव असताना आत हिवाळा ठेवायचा म्हणजे मशीनला जीव तोडून पळावं लागतं. यंदा मशीनला उसंत नव्हती, आणि त्याच्या धडधडीनं शेजारच्या शाळेची तावदानं दिवसभर थरथरत असायची.

ते मशीन चालवणाऱ्याला सगळे ‘नाक’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही त्याचा राग नव्हता, उलट छाती फुगायची. कोल्डच्या नळ्यांमधून अमोनिया फिरतो. लोक त्याला नुसतं गॅस म्हणायचे. गॅस कुठं सुटला तर इतर ठिकाणी गंधकाची काडी पेटवून नळ्यांच्या कडेनं फिरवतात, जिथं पांढरा धूर उठेल तिथं पाना लावतात. इथं कोल्डच्या मालकानं, शेठनं, काड्या आणणं कधीच सोडून दिलं होतं. ‘आपल्याकडं नाक आहे,’ असं तो आल्यागेल्याला सांगायचा. मग नाक मान पुढं काढून नळ्यांच्या बाजूनं चालत जायचा, एका जागी थबकायचा, आणि गळती नेमकी तिथंच असायची. दुसऱ्याच्या अंगात अशी काही करामत असली की गावाला ती आपलीच वाटते.

त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिला सगळं गाव ‘बाई’ म्हणून अहोजाहो करायचं आणि त्याला अरेतुरे. घरात मात्र ती त्याला अहो म्हणायची आणि तो तिला अगं, त्यामुळं हिशेब बरोबर जुळायचा. घरात त्याची म्हातारी आई होती आणि एक मुलगी, बारकी. बारकी आईच्याच वर्गात होती. तिचा बाक खिडकीला लागून होता, कारण सकाळी कोल्डच्या बाजूनं वाऱ्याची झुळूक यायची ती त्याच खिडकीतून. हंगाम सुरू झाल्यापासून ती खोकत होती. आजी तिला मध चाटवायची आणि धुळीला शिव्या घालायची.

त्या दिवशी बाईंनी आम्ल आणि अल्कली शिकवायला घेतलं. पुस्तकात निळा-तांबडा लिटमस कागद होता, शाळेत नव्हता. ‘नसू दे,’ बाई म्हणाल्या, ‘कुंपणाला जास्वंद आहे ना? सगळ्यांनी फुलं तोडून आणा. कळ्यांना हात लावाल तर बघा.’

पोरांनी पाकळ्या खलल्या, गरम पाण्यात टाकल्या. पाणी गडद झालं. चित्रकलेच्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवल्या तशा त्या जांभळ्या झाल्या. फळ्याच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली आणि पट्ट्या तिच्यावर वाळत घातल्या. मग लिंबाचा थेंब टाकला, पट्टी गुलाबी. साबणाचं पाणी लावलं, हिरवी. वर्गात अशी आरडाओरड झाली की शेजारच्या वर्गाचे मास्तर डोकावून गेले.

‘आंबट ते आम्ल, त्यानं गुलाबी,’ बाई सांगत होत्या. ‘साबण, सोडा, चुना, हे अल्कली. त्यानं हिरवं. कागदाला लबाडी जमत नाही. जे आहे ते सांगतो.’

‘बाई, थुंकी चालेल का?’ माकड म्हणून ओळखला जाणारा मुलगा म्हणाला.

‘तुझी नको. कागद जळेल.’

पोरं खिदळली. बाईंनी व्हिनेगरची बाटली वास घ्यायला फिरवली. ज्याच्या नाकाशी जाईल त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि त्या वाकड्या तोंडाला पुढचा हसायचा. बारकीनं बाटली नाकाशी धरली, थोडा वेळ वाट पाहिली आणि सरळ चेहऱ्यानं पुढं दिली. हिला सर्दी झाली वाटतं, असं बाईंच्या मनात आलं आणि गेलं. सुटी झाली तेव्हा उरलेल्या ओलसर पट्ट्या दोरीवर तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं वर्गात शिरली आणि दारातच थांबली. खिडकीजवळच्या पट्ट्या हिरव्यागार झाल्या होत्या. तिथून फळ्याकडं येताना रंग फिका फिका होत गेला होता, आणि फळ्याजवळच्या पट्ट्या कालच्यासारख्या जांभळ्याच होत्या.

सगळ्यांनी माकडाकडं पाहिलं.

‘आईशप्पथ मी नाही!’ त्यानं दोन्ही हात पुढं केले. ‘हुंगून बघा. साबण लावला असता तर वास आला नसता का? अन् साबणानं हात धुतो कोण?’

हे मात्र खरं होतं. बाईंनी पट्टीला बोट लावलं. थेंब नाही, डाग नाही. साबणाचं पाणी लावलं की हिरवा ठिपका उमटतो आणि त्याची कड दिसते. इथं सगळी पट्टीच सारखी हिरवी होती. त्यांनी हेडसरांना बोलवायला पाठवलं. हेडसरांना यायला वेळ लागतो, ती त्यांची पद्धत आहे. ते आले तेव्हा ऊन खिडकीत चढलं होतं आणि वारा शेताकडून वाहू लागला होता.

‘कुठाय हिरवं?’ हेडसर म्हणाले.

दोरीवरच्या सगळ्या पट्ट्या जांभळ्या होत्या. पोरांच्या देखतच कधीतरी त्या परत फिरल्या होत्या आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

‘बाई, परीक्षा तोंडावर आलीय,’ हेडसर हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘जादूचे प्रयोग नंतर करा.’

बाईंचे कान तापले. हेडसर गेल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, ‘कुणीतरी येतं बाई इथं. दोरीला हात लावत जातं.’ कुणी हसलं नाही. खिडकीच्या वरच्या कोनाड्यात दरवर्षी चिमण्यांचं घरटं असायचं. यंदा त्या काड्या अर्ध्यावर टाकून निघून गेल्या होत्या. पोरांना हे आजच दिसलं आणि एकदा दिसल्यावर सगळी पुन्हा पुन्हा तिकडंच बघत राहिली.

बारकीनं काही पट्ट्या घरी नेल्या, पाण्यात भिजवल्या आणि दाराच्या चौकटीला बांधल्या. चोर आला की हिरव्या होतील, असं ती आजीला सांगत होती. आजी उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. संध्याकाळी नाक कामावरून आला. रोजच्यासारखा दाराच्या चौकटीला टेकला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला.

‘अगं बाई,’ आजी म्हणाली.

त्याच्या डोक्यावरच्या पट्ट्या हिरव्या होत होत्या. आधी कडा, मग मधला भाग. तो सरळ झाला तशी त्याच्या खांद्याजवळची पट्टीही फिरली. कोल्डच्या आतल्या थंडीसाठी तो जाड लोकरीचं जाकीट घालायचा आणि घरी येताना ते खांद्यावर टाकलेलं असायचं. त्यानं वर पाहिलं.

‘हे काय नवीन?’

‘आत ये आधी,’ आजी म्हणाली. पण तो आत आला तेव्हा तीच अंग चोरून बाजूला सरकली. पोटच्या पोराला तिनं अशी वाट कधी दिली नव्हती. तो गेल्यावर तिनं बारकीला जवळ ओढलं आणि सगळ्या पट्ट्या काढून टाकायला लावल्या. ‘कागदाला माणूस ओळखता येतं म्हणजे काय,’ ती पुटपुटली. ‘मला नाही आवडलं हे.’

बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं.

सकाळी त्या शिपायाच्याही आधी शाळेत गेल्या. वर्ग उघडला, ताज्या ओल्या पट्ट्या दोरीला लावल्या आणि टेबलाशी बसल्या. खिडकीबाहेर गल्ली, गल्लीपलीकडं कोल्डची पाठीमागची भिंत. भिंतीला ओल चढलेली होती आणि तिच्या पायथ्याशी गवताची एक काडी उगवत नव्हती. मशीन धडधडत होतं. मग भिंतीपलीकडं पाना नळीवर आपटल्याचा आवाज झाला. नवरा सकाळचं काम करत होता, हे त्यांना आवाजावरूनच समजलं.

थोड्या वेळानं खिडकीजवळची पहिली पट्टी हिरवी झाली.

कुणी आलं नव्हतं. दार बंद होतं. बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. दुसरी पट्टी झाली, मग तिसरी. एखादा माणूस गजातून आत येऊन, एकेक पट्टी बोटांत धरून बघत, सावकाश त्यांच्याकडं चालत यावा तसं ते चाललं होतं. दोरी हलत नव्हती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना भीती वाटत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं त्या खुर्चीवर बसून बघावं. बारकीच्या बाकावरची पट्टी तर गडद हिरवी झाली होती, आणि त्या बाकाकडं बघता बघता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

हिरवं म्हणजे अल्कली. साबण नाही, चुना नाही, पाणी नाही. मग राहिली हवा.

त्यांनी खोल श्वास घेतला. नेहमीचाच वास होता, कोल्डचा, कुजक्या बटाट्यांचा, गल्लीतल्या गोठ्याचा. हंगाम आला की गल्लीत हाच वास असायचा आणि गल्लीतल्या कुणालाच तो वेगळा जाणवायचा नाही. बाहेरगावचे लोक तेवढे नाकाला रुमाल लावायचे आणि गल्ली त्यांना हसायची. भुताची भीती क्षणात ओसरली आणि तिच्या जागी दुसरी आली, ती मात्र जाईना. बारकी त्या बाकावर रोज सकाळी बसत होती. तोंड उघडं टाकून, खोकत, वारा येतो म्हणून.

त्या दिवशी त्यांनी पोरांना कुंपणाजवळ झाडाखाली बसवलं. हेडसरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अडवलं नाही.

संध्याकाळी नाक जेवायच्या आधी चुलीजवळ पाटावर बसला होता. बाईंनी सांगितलं तसा तो हसला.

‘माझ्या नाकाखालून गॅस जाईल?’

‘कागद हिरवा होतो.’

‘कागदाचं काय घेऊन बसलीस. तेल काढायचा वॉल्व्ह आहे त्या भिंतीला. रोज सकाळी नळ्यांतलं तेल काढावं लागतं, तेव्हा थोडा गॅस येणारच. मी लगेच बंद करतो. इतकी वर्षं करतोय ना मी?’

‘बारकी त्याच खिडकीत बसते.’

‘बारकीला सर्दी आहे. आई, सांग हिला.’

आजी अंगणातून ओरडली, ‘सांगायचं राहू दे, दूध बघा आधी! करपलं सगळं!’

बाईंनी वळून पाहिलं. बोलण्याच्या नादात दुधाकडं त्यांचं लक्ष राहिलं नव्हतं. पातेलं तळाला लागून काळं पडलं होतं. वास अंगणात पोचला होता, घरभर धूर झाला होता आणि त्यांचे डोळे चुरचुरत होते. नाक त्या पातेल्यापासून हातभरावर बसला होता. त्यानं आईचं ओरडणं ऐकलं, मग पातेल्याकडं पाहिलं आणि मग घाईघाईनं नाक चिमटीत धरलं.

‘काय घाण वास,’ तो म्हणाला.

बाईंनी पातेलं उतरवलं. हल्ली हा जेवायला बसायच्या आधी ‘आज काय केलंय’ असं विचारतो आणि मगच ‘वा, काय वास सुटलाय’ म्हणतो, हे त्यांना आठवलं. नासलेलं दूध चहात घातलेलं त्याला कळलं नव्हतं. तेव्हा सगळे हसले होते, तोही हसला होता.

उद्या तो वॉल्व्ह दाखवा, एवढंच त्या म्हणाल्या.

‘चल की,’ तो म्हणाला. ‘तुझ्या मनातलं जाईल तरी.’

सकाळी ती दोघं भिंतीपलीकडच्या बोळात उभी राहिली. नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर होता. इथं बाईंचं नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. नाकानं तेल काढलं, पाना लावला, वॉल्व्ह फिरवत आणला, मान पुढं काढली आणि थांबला. अगदी पूर्वीसारखा.

‘झालं. बंद.’

‘डोळे मिटा,’ बाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

‘काय पोरखेळ आहे?’

‘मिटा तर खरं.’

त्यानं मिटले. बाईंनी त्याच्या हातात ओली पट्टी दिली आणि तो हात वॉल्व्हजवळ नेला.

‘आता सांगा. वास येतोय?’

त्यानं दीर्घ श्वास घेतला. ‘स्वच्छ आहे.’

‘पुन्हा बघा.’

‘अगं, एकदम स्वच्छ आहे. सांगतोय ना.’

‘डोळे उघडा.’

पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी होती. त्यानं ती उलटी करून पाहिली. मग त्यानं बायकोच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी पाहिलं, आणि पाना हळूच खाली ठेवला.

‘कधीपासून?’ बाईंनी विचारलं.

‘ताप आला होता ना मागं. तेव्हापासून. मला वाटलं, येईल परत.’ तो नळीकडं बघत बोलत होता. ‘वाटलं, नाही आलं तरी अंदाजानं भागेल.’

‘मग हा वॉल्व्ह तुम्ही कसा बंद करता?’

‘याचे आटे झिजलेत. पूर्ण आवळला तर तुटेल, म्हणून शेठनं सांगितलंय बेतानं आवळ. मी वास थांबेपर्यंत आवळतो. वास थांबला की थांबतो.’

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळायला थोडा वेळ लागला. रोज सकाळी तो पाना लावत होता, मान पुढं काढत होता, वास नाही म्हणून थांबत होता आणि समाधानानं चहाला जात होता. भिंतीपलीकडं गल्ली होती आणि गल्लीपलीकडं बारकीची खिडकी. त्याचा चेहरा पार उतरला. तो तसाच पुढच्या अंगणात गेला.

तिथं शेठ होता, हमाल होते, भावाची चौकशी करायला आलेले शेतकरी होते.

‘मशीन बंद करावं लागेल,’ नाक म्हणाला. ‘मागचा वॉल्व्ह बदलायचाय.’

‘या उन्हात?’ शेठ म्हणाला. ‘डोकं फिरलं का? माल घामेजेल.’

‘आमचा बटाटा आहे आत!’ एक शेतकरी पुढं आला. ‘हंगाम झाल्यावर बदल काय ते.’

‘गॅस सुटतोय. शाळेत जातोय.’

‘मग तुला रोज वास आला नाही?’ शेठनं विचारलं. ‘नाक ना तू?’

‘नाही येत,’ तो म्हणाला. ‘मला वास येत नाही. कशाचाच.’

आधी एक हमाल हसला. मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, नाकाला वास येत नाही रे, आणि पुन्हा हशा उसळला. तो हसू ओसरेपर्यंत खाली मान घालून उभा राहिला. शेठ हसला नव्हता.

‘मग तुझा मला उपयोग काय?’

‘वॉल्व्ह बदलेपर्यंत आहे,’ नाक म्हणाला, आत गेला आणि त्यानं मशीन बंद केलं.

धडधड थांबली. शाळेची तावदानं स्थिर झाली. हंगामभर त्या आवाजात राहिलेलं गाव एकदम बहिरं झाल्यासारखं झालं. बायका दारात आल्या, गुरांनी माना वर केल्या. झाडाखाली बसलेल्या पोरांनी लिहिणं थांबवलं. कुणीतरी गेल्यावर होते तशी ती शांतता होती आणि ती दुपार टळेपर्यंत तशीच राहिली. मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि नाक घरी आला.

त्याचे डोळे लाल झाले होते, मनगटापर्यंत कातडी पांढरी पडली होती. वॉल्व्ह काढताना नळीत उरलेला सगळा गॅस त्याच्या अंगावर आला होता. तो अंगणात आला तशी बारकी पट्टी घेऊन पुढं झाली. आज तिला आईनंच शिकवून ठेवलं होतं.

‘थांबा बाबा. तिथंच थांबा.’ तिनं हात लांब करून पट्टी त्याच्याजवळ धरली. ‘हिरवा.’

त्यानं जाकीट काढून लांब फेकलं. आजीनं बादली आणून ठेवली. त्यानं अंगणातच डोक्यावरून पाणी ओतलं, साबण न लावता, नुसतं पाणी, कारण साबणानं कागद फसेल असं बारकीनं बजावलं होतं. तिनं नवी पट्टी धरली.

‘अजून हिरवा.’

तो आपल्याच घरासमोर ओल्या अंगानं उभा राहिला. शेजारी बघत होते. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर आज ते वाटण्याला अर्थ नव्हता. त्यानं पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. बारकी मधूनच खोकत होती आणि खोकला थांबला की पट्टी पुढं करत होती.

‘जांभळा!’ ती शेवटी ओरडली. ‘जांभळाच राहिला. या आता.’

तो पायरीपर्यंत आला आणि थांबला. आयुष्यात त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, लोकच त्याला विचारायचे. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं तो सहज विचारू शकला.

‘बारके, घरातून कसला वास येतोय गं?’

बारकीनं मान पुढं काढली, अगदी त्याच्यासारखी. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

‘कसलाच नाही,’ ती म्हणाली. ‘स्वच्छ आहे.’

त्याला बरं वाटलं. त्यानं पायरीवर पाय ठेवला, आणि तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला, ‘अगं, दूध! परत करपलं मेलं! वास सुटलाय गल्लीभर, अन् कुणाला पत्ता नाही!’

परसात असलेल्या बाई मागच्या दारानं धावत आत गेल्या, आणि चुलीपाशी न थांबता तशाच पुढं आल्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून दाराबाहेर काळा धूर येत होता, आणि बारकी त्या धुरात उभी होती.

तिचं लक्ष अजून कागदाकडंच होतं.

‘जांभळाच आहे बाबा,’ ती म्हणाली. ‘या ना.’